नातीची पैसेवारी

मी चौथी शिकलेला माणूस. दवनीवाड्याच्या बाजूला धान पिकवतो. विद्यापीठ म्हणजे काय ते नातीमुळे कळलं, तेही अर्धंच. तिचे आईबाप नागपुरात कामाला. पोरगी पाळण्यापासून आमच्यापाशी. 'आमच्यापाशी' म्हणायची सवय सुटत नाही. म्हातारी जाऊन येत्या पोळ्याला वर्ष होईल. आता घरात नात आणि मी.

बारावीनंतर नातीने दिल्लीच्या एका मोठ्या विद्यापीठासाठी परीक्षा दिली. मार्क आले. ते पुरतील का, हे गावात सांगणारं कोणी नाही. गोंदियात एक रिटायर प्रोफेसर मार्क पाहून कुठे नंबर लागेल ते सांगतात, फॉर्मही भरून देतात. त्यांच्याकडे गेलो. एसटीत पोरगी कागदांची पिशवी छातीशी धरून बसली होती. घाम मला फुटला होता.

सरांनी मार्क पाहिले. "बच्ची ठीक है. पर वहाँ टिकेगी क्या? आप बताओ बाबा, पढ़ाई में कैसी है?"

मी लगेच बोललो, "साधारणच हाय जी. इंग्रजी कच्ची. जरा ताप आला का पुस्तक बाजूला ठेवते."

पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्या फॉर्मात विद्यापीठं क्रमाने लिहायची असतात. वरचं मिळालं की खालची सगळी आपोआप खोडली जातात. सरांनी जवळचं, सहज मिळणारं सगळ्यात वर टाकलं. दिल्ली पाचवी. "सेफ रहेगा. चाय पीके आओ, पाँच बजे के पहले लॉक कर देंगे."

खाली टपरीवर पोरगी म्हणाली, "आबाजी, मी काय तुडतुड्यानं खाल्लेली बांधी हाव?"

आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्याकडे दर साली पिकाची पैसेवारी ठरते. तलाठी बांध्या, म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे, पाहून रुपयात किती पैसे पीक आलं ते लिहिते. पन्नासच्या खाली आलं तर दुष्काळाची सवलत मिळते. म्हणून तलाठी आला की आम्ही त्याला हटकून तुडतुड्याची कीड लागलेल्या बांधीवर नेतो आणि तोंड पाडून उभे राहतो. मी जन्मभर तेच केलं. म्हातारी हसायची, "तुमच्या तोंडून धान कधी पिकलंच नाही." सरांच्या हातात पेन दिसला आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं.

"चुकलंच बाई," मी म्हटलं. "सवयीनं गेलं."

"सवयीनं का मनातून?"

"काऊन वो?"

"मी गेली का तुम्ही घरी एकलेच राहाल म्हणून."

खोटं कायले बोलू, दोन्ही होतं. म्हातारी गेल्यापासून ही शेजारच्या खोलीत मोठ्याने वाचत असते, तेवढ्यावर माझी संध्याकाळ निघते. दिल्लीला हिचा नंबर न लागला तर बरं, असं आत कुठेतरी होतंच. हे लिहून राहिलो तर लाज वाटते. पण होतं.

साडेचार वाजले होते. जिना चढून परत वर गेलो. गुडघे दुखले, थांबलो नाही.

"सर, मघाशी मी खोटं बोललो. पोरीनं टायफॉइडमध्ये अकरावीचे पेपर दिले. आजीची तेरवी झाली त्याच दिवशी पुस्तक उघडलं. इंग्रजी कच्ची हाय ते खरं, पण रोज जेवताना माझ्याशी इंग्रजीत बोलते. मले एक शब्द समजत नाही, तरी बोलते."

सर हसले. "बाबा, चाय से पहले वाले आदमी आप ही थे ना?"

"मीच जी. त्याचं ऐकू नका. दिल्ली वर घ्या."

"चान्स आधा-आधा है. वहाँ बहुत तेज बच्चे आते हैं."

"येऊ द्या."

सरांनी क्रम बदलला आणि शेवटचं बटण पोरीला दाबायला लावलं. दाबण्याआधी तिने यादी पुन्हा एकदा वरपासून वाचली.

यादी अजून लागायची आहे. पोरगी घडीघडी मोबाईल पाहते, मी तिचं तोंड पाहतो. काल देवापुढे दिवा लावताना तिने विचारलं, "आबाजी, काय मागून राहिले?"

"तुझी दिल्ली."

"मग जरा जोरात मागा ना!"

मागतो. पण आवाज बारीकच निघते.