बॉयलर आणि पंखेवाली

माझ्या धाकट्या भावाला सगळे बॉयलर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात त्याने उभी हयात बॉयलर सांभाळला. तिथल्या घरघराटात बोलायचं तर ओरडावंच लागे, म्हणून घरीही तीच सवय. जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण बरणी घेऊन येईल असा आवाज. नम्रपणा त्याच्या वाट्याला फारसा आला नाही, आणि मला तरी नम्र माणसांचा कंटाळाच येतो.

संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की हा थांबणार, मान वर करणार. "बघ, लागले आपले दिवे!"

वहिनी म्हणायची, "आपल्या मोरीतला गेलाय. तो आधी बदला."

त्याला एकच मुलगी. ती शिकली आणि नेमकी पवनचक्क्यांच्या कामाला लागली. कमरेला दोर बांधून त्या अजस्र पात्यांवर उतरते आणि भेगा बुजवते. बाप तिला पंखेवाली म्हणतो. सुरुवातीला कौतुकाने म्हणायचा. मग वीजकेंद्र बंद करायच्या गोष्टी निघाल्या आणि त्या शब्दाला धार आली.

एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, हवा कशाने तापतेय ते तरी मान्य करा. कोळशाच्या धुराने."

"त्याच धुरावर शिकलीस! सूर्य तापतो, ज्वालामुखी ओकतात, आणि खापर कुणाच्या डोक्यावर? माझ्या!"

"तुमचं नाव कोणी घेतलं?"

"घ्यायचं काय राहिलंय? बाप गुन्हेगार, असंच म्हण ना सरळ."

ती ताट उचलून उठली, ते घासून ठेवलं आणि गेली. त्यानंतर घरी आलीच नाही. फोन करायची तो आईला. फोन वाजला की भाऊ उठून बाल्कनीत जाऊन उभा राहायचा. दार मात्र उघडं ठेवायचा.

अशात तिला समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम मिळालं. लांबचा देश, बोटीने ये-जा, सुट्टी मिळेल तेव्हा मिळेल. अबोल्यातच गेली असती तर तो अबोला मुरला असता, हे वहिनीला दिसत होतं आणि मलाही. दोघांपैकी आधी तोंड उघडणारं मात्र कोणी नव्हतं. एकाच मातीची दोन मडकी.

आमच्या वाचनालयात शनिवारी सकाळी वादसभा भरते. तिचा नियम एकच. स्वतःची बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि समोरच्याने "हो, हेच माझं म्हणणं" असं कबूल केल्याशिवाय पुढे जायचं नाही. पुष्कळांच्या सभा इथेच संपतात. ती जाण्याआधीच्या शनिवारचा विषय होता, हवामान कशाने बिघडलं आणि कोळशाऐवजी काय. मी दोघांची नावं देऊन टाकली. विचारलं असतं तर दोघंही नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

भाऊ माझ्यावर तोफेसारखा धडाडला. "ताई, तुला कोणी सांगितला हा आगाऊपणा?"

"कोणी नाही. माघार घे. सगळ्यांना सांगते, बॉयलर घाबरला."

शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी हजर.

वाचनालयाची खोली लांबट, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, मध्ये घडीच्या खुर्च्या. ग्रंथपालबाई घंटी घेऊन मध्यभागी. भाची आली, मला वाकून म्हणाली, "आत्या, हे तुझंच काम ना?" आणि बापाकडे न बघता समोर जाऊन बसली. आधी बोलायची पाळी बापाची होती.

तो उभा राहिला. "हिचं म्हणणं असं, की आपण सगळे मूर्ख आणि ही एकटी शहाणी. पंखे फिरवा, पृथ्वी गार होईल."

लोक खदखदून हसले. भाची हसली नाही. "नाही. हे माझं म्हणणं नाही."

टिंग! "पुन्हा," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

तो खाकरला आणि घडाघडा बोलू लागला. अमुक वायू, तमुक टक्के, परिषदा, करार. वर्तमानपत्र वाचून दाखवावं तसं.

"हे कुणाचंही असेल," भाची म्हणाली. "माझं नाही."

टिंग.

आता तो बसणार, असं मला वाटलं. वहिनीने माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं. पण भावाने चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"भट्टीला एक लहानशी काच असते. तिच्यातून ज्वाळेचा रंग बघायचा, एवढंच आमचं लक्ष. राख पडायची ती आम्ही उपसायचो, कारण ती दिसायची. जे दिसत नव्हतं ते चिमणीतून वर गेलं, आणि वर गेलं म्हणजे संपलं, असं आम्ही धरून चाललो. कोळसा म्हणजे जमिनीने दाबून ठेवलेलं जुनं जंगल. ते आम्ही सगळ्या जगाने मिळून भराभर जाळलं. त्याचा वायू पांघरुणासारखा पृथ्वीवर बसला, आतली ऊब बाहेर जाईना." त्याने बोट वर केलं. "सूर्याचा दोष असता तर उंचावरची हवासुद्धा तापली असती. पण ती गार होतेय, आणि खालची तापतेय. म्हणजे पांघरूणच. म्हणून ही म्हणते, की वारा आहे, ऊन आहे, त्यांची वीज करा आणि जाळणं थांबवा. बापावर राग म्हणून नाही म्हणत. हिशोब तसा आहे म्हणून म्हणते."

ग्रंथपालबाईंनी घंटी खाली ठेवली आणि भाचीकडे बघितलं.

"हो," भाची म्हणाली. "हेच माझं म्हणणं." मग नियम सोडून तिने विचारलं, "उंचावरच्या हवेचं कुठे वाचलंत?"

"का? मला वाचायची बंदी आहे?"

दार उघडं ठेवणारा माणूस दुसरं काय करणार! माझी मान ताठ झाली, ती आजतागायत तशीच आहे.

आता तिची पाळी. ती तयारीने उठली. "यांचं म्हणणं, कोळसा स्वस्त आहे, भरवशाचा आहे..."

"नाही," बाप म्हणाला. घंटीचीही वाट बघितली नाही.

तिने हातातला कागद मिटला. मग म्हणाली, "मी शाळेत होते तेव्हा एका वादळात बाकीची केंद्रं एकेक करून बंद पडली. यांच्या पाळीतल्या माणसांनी एक बॉयलर पेटता धरून ठेवला. वाफ एकदा उतरली की पुन्हा चढवायला तास न् तास जातात, म्हणून कोणी घरी गेलं नाही. इस्पितळातली यंत्रं त्याच्यावर चालली. दुसऱ्या दिवशी बाबा आले आणि टेबलावर डोकं ठेवून झोपले. यांचं म्हणणं असं, की वारा पडलेल्या संध्याकाळी कोण जबाबदार, ते आधी सांगा आणि मग भट्टी विझवा. आणि विझवाल तेव्हा ज्यांनी ती पेटती ठेवली त्यांना चोर ठरवू नका."

भाऊ चष्मा शोधू लागला. तो समोरच होता.

"हो की नाही?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"हो! किती वेळा सांगू?" एकदाही सांगितलं नव्हतं.

पुढचा वाद, खरं सांगायचं तर, यापुढे फिका पडला. ती मोठाल्या बॅटऱ्यांबद्दल बोलली, आणि जास्तीच्या विजेने पाणी डोंगरावर चढवून गरजेला खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, त्याबद्दल. तो म्हणाला, डोंगर नसेल तिथे काय, तुझी आत्या उभी करायची? हात वर झाले. मुलगी जिंकली. बापाने स्वतःच्या बाजूने हात वर केला होता, तो खाली न घेता तो ओरडला, "पुन्हा मोजा!"

पुन्हा मोजले. पुन्हा तीच जिंकली. तेव्हा तो शेजारच्या माणसाला ढोसून म्हणाला, "मुद्दे बघितलेत का तिचे? मुलगी आहे माझी."

ती घरी जेवायला आली. बॅटऱ्यांवरून दोघांची पुन्हा जुंपली, आणि वहिनी कितीतरी दिवसांनी शांतपणे जेवली. जेवण झाल्यावर भाऊ कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आला.

"समुद्रावर वारा जास्त असणार. कमरेची गाठ कशी मारतेस ते दाखव."

"बाबा, आमचा दोर असा नसतो. पट्टे असतात, कड्या असतात..."

"दाखव म्हटलं ना!"

तिने खुर्चीच्या पाठीला गाठ मारून दाखवली. त्याने पाय रोवून ती ओढली. पुन्हा ओढली. खुर्ची हलली, गाठ हलली नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जा."