बावीस वर्षांची कलेजी

मारुतीबापूंचा आणि माझा परिचय नेमका केव्हा झाला, हे मला नीट सांगता येत नाही. बावीस वर्षे दर रविवारी मेढ्यातील त्यांच्या मटणाच्या दुकानासमोर मी रांगेत उभा राहिलो. पण ‘अर्धा किलो द्या’ याखेरीज आमचे बोलणे झाले नाही. खरी ओळख गेल्या वर्षी, माझी पत्नी शालन वारल्यानंतर झाली.

यंदा पंचाहत्तरी गाठलेल्या बापूंचे काम सर्वांना ठाऊक आहे. बकरे पाहायला ते आजही स्वतः डोंगरातल्या वाड्यांवर जातात. मनासारखे मिळाले नाही, तर रविवार असूनही दुकान बंद ठेवतात.

शालन गेल्यावर माझे जेवण सुटले. झोप नव्हती, कुणाशी बोलवतही नव्हते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले, “चांगलं मटण खा, अंडी-कलेजी खा. अंगात रक्त नसेल तर मन कसं उभं राहील?” मुलीने फोनवर शपथ घातली, म्हणून दुकानात गेलो आणि पाव किलो मागितले.

“कुनासाठी?” बापूंनी विचारले.

“माझ्यापुरतंच.”

“मग न्हाई मिळायचं.”

रांगेतून कोणीतरी म्हणाले, “बापू, गिऱ्हाईक पळवताय व्हय?”

“गप रं! आवं भाऊसाहेब, एकट्यानं खाल्लेलं मटण अंगी लागत न्हाई. अर्धा किलो न्या, कुनाला तरी जेवाया बोलवा.”

मला कोणाचेच नाव सुचेना. शेवटी बापूच म्हणाले, “आसं बघत काय ऱ्हाताय? मीच येतो.”

ते आले आणि स्वयंपाकही त्यांनीच केला. पण वर्ष व्हायच्या आत मटण खावे की नाही, हे मला ठरवता येईना. मी वाटी पुढे घेऊन नुसता बसलो. तेव्हा ते म्हणाले, “कलेजी तरी घ्या. वैनींच्या आवडीची. पार सुरवातीला एकदा तुमी आजारी हुता, तवा त्या दुकानात आल्या हुत्या. ‘मला कलेजी लय आवडती’ म्हनल्या. तवापासनं दर रविवारी मी वर टाकतोय.”

“ती तर सगळी माझ्याच ताटात वाढायची,” मी म्हणालो.

“म्हंजी बावीस वर्सं मी वैनींना देतोय आन् खाताय तुमी!”

बापू हसू लागले. मीही हसलो आणि हसता हसता जेवलो. नंतर त्याची लाजही वाटली.

तेव्हापासून बापू दर रविवारी येतात. मला झोप लागते, माणसांत जावेसे वाटते. हे मटणाने झाले की बापूंच्या येण्याने, मला कळत नाही. डॉक्टर म्हणतात, दोन्हींनी. शालनला कलेजी खरोखर आवडत होती आणि तरी ती मला वाढत होती, की माझ्यासाठीच स्वतःची आवड पुढे करून तिने ती मागितली होती, हेही आता कळणार नाही.

पंचाहत्तरीनिमित्त बापूंना उत्तम प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. शालनविषयी मला ठाऊक नसलेले सांगणारे आता तेवढे एकच माणूस माझ्याजवळ आहे.