खिळेआत्यांची दहा मिनिटं

खिळेआत्यांना सूर कळत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या गुणगुणायला लागल्या की दुकानातलं गिऱ्हाईक चार खिळे कमी घेऊन बाहेर पडायचं. आणि याच बाई गेली कित्येक वर्षं उन्हाळ्यातल्या दर शनिवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर गाण्या-बजावण्याचा कार्यक्रम चालवत होत्या. कुणी नवखा विचारायचा, "आत्या, तुम्हाला गाता येत नाही, मग हा उद्योग कशाला?"

"मला पोहता येत नाही, म्हणून काय नदी बुजवायची?" आत्या म्हणायच्या. या बोलण्यात कुठेतरी घोळ आहे हे ऐकणाऱ्याला जाणवायचं, पण तो नेमका कुठे ते सापडेपर्यंत आत्यांनी त्याच्या हातात सतरंजीचं एक टोक दिलेलं असायचं.

दुकान बागेच्या फाटकासमोरच होतं, मधे फक्त रस्ता. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, दोरखंड, रंगाचे डबे. आत शिरलं की टर्पेंटाइनचा वास नाकात जायचा आणि कपड्यांना लागून घरापर्यंत यायचा. त्या दुकानावरूनच त्या खिळेआत्या झाल्या. त्या गावाच्या आत्या, म्हणून त्यांचे यजमान आपोआप गावाचे आतोबा. आतोबा दुकानाच्या मागच्या खोलीत कुलपं दुरुस्त करायचे आणि क्लॅरिनेट वाजवायचे. तरुणपणी बँडच्या पुढे उभं राहून वाजवलेला माणूस. नवरा सगळा सूर घेऊन जन्माला आला आणि माझ्या वाटणीचाही घेऊन गेला, असं आत्या भांडताना म्हणायच्या.

शनिवारच्या कार्यक्रमाचे नियम आत्यांचे, आणि ते म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहिला नियम, बसायला खुर्ची घरून आणायची. पहिल्या वर्षी खुर्च्या नव्हत्या म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे गावाच्या अंगवळणीच पडली. शनिवारी ऊन उतरलं की रस्त्यावर खुर्च्या चालायला लागायच्या. कुणाची घडीची, कुणाची स्वयंपाकघरातली. निवृत्त शाळाबाई तर स्वतःची डुलती खुर्ची हातगाडीवर घालून आणायच्या.

दुसरा नियम, बाहेरून आलेल्या कलाकारांच्या आधी पहिली दहा मिनिटं गावाची. ज्याने नाव सांगितलं त्याने चढायचं. येतं किती हे कुणी विचारायचं नाही. मात्र धरलेलं पूर्ण करायचं. मधे चुकलं की आत्या खालून ओरडायच्या, "पुन्हा पहिल्यापासून!" मग दहा मिनिटंही पुन्हा पहिल्यापासून धरली जायची आणि पूर्ण होईपर्यंत कुणी टाळी वाजवायची नाही. एका वर्षी न्हाव्याला शीळ वाजवताना हसू फुटलं. आत्यांनी त्याला इतक्या वेळा पुन्हा सुरू करायला लावलं की पाहुणे वादक चौथऱ्यामागे उभे राहून आत्यांचा उद्धार करत होते. शेवटी शीळ पुरी झाली तेव्हा जी टाळी पडली, तिची गोष्ट तो आजही दाढी करता करता सांगतो, आणि गिऱ्हाईक गळ्याशी वस्तरा असल्यामुळे ऐकून घेतं.

मागच्या हिवाळ्यात आतोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मांडीवर नुसता पडून राहायला लागला, जणू कुणी विसरून गेलेलं सामान. तोंडाचा उजवा कोपरा ओघळला. बोलणं परत आलं, पण एकेक शब्द ओढून आणल्यासारखं. क्लॅरिनेटची पेटी कपाटावर गेली आणि आत्यांनी तिच्यावर धूळ बसू दिली नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं.

एका दुपारी दुकान बंद असताना आतोबांनी मान वर करून ती पेटी दाखवली. आत्यांनी काढून दिली, तुकडे जोडून दिले. वरच्या भोकांवर डावा हात नीट बसला. खालची भोकं उघडीच. आतोबांनी आत्यांच्या हाताकडे बघितलं.

"माझा?" आत्या म्हणाल्या.

"तुझा."

"अहो, मला सूर कळत नाही."

"भोकं... कळतात ना?"

भोकांत तर बाईंचा जन्म गेला होता. त्या स्टूल ओढून नवऱ्यासमोर बसल्या. वाद्य दोघांच्या मधे, खालचा भार आत्यांच्या अंगठ्यावर, तीन बोटं तीन भोकांवर. फुंकायचं आतोबांनी, वरची भोकं त्यांची, खालची आत्यांची. कुठलं बोट कधी, ते आतोबा धडधाकट डाव्या पायाने सांगायचे. आत्यांच्या पायावर एकदा दाबलं की एक बोट, दोनदा दोन, तीनदा तिन्ही. नुसता पाय उचलला की सगळी बोटं वर. एक संथ धून त्यांनी धरली. सुरुवातीला असा आवाज निघायचा की शेजारच्या शिंप्याने भिंत ठोकली. मग महिनाभर रोज दुपारी, कधी भांडत, कधी हसत, आतोबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून निसटणारी हवा आणि लाळ फडक्याने टिपत ती धून एकदाची सरळ चालायला लागली. सुरेल झाली की नाही ते आत्यांना कसं कळणार? त्या नवऱ्याच्या डोळ्यांत बघायच्या. तिथे कळायचं.

त्यांनी हंगामाच्या पहिल्या शनिवारची दहा मिनिटं आतोबांच्या नावाने लावली.

यंदा बाग समितीचे अध्यक्ष झाले होते आत्यांचे धाकटे दीर. ते दुकानात आले ते इस्त्रीच्या शर्टात, आणि दोरखंडाच्या गुंडाळीला शर्ट लागणार नाही अशा बेताने उभे राहिले.

"वहिनी, यंदा जरा नीटनेटकं करू या. मोठ्या शहरातला ऑर्केस्ट्रा ठरवलाय. समिती खुर्च्या मांडणार, ओळीने. पुढे सोफे. आणि ते दहा मिनिटांचं... ते यंदा नको."

"म्हणजे गावाला काढलंत."

"गाव ऐकायला आहेच की."

"गावाने नुसतं ऐकायचं असतं तर रेडिओ काय वाईट होता, भाऊजी?"

भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "दादाच्या तोंडातून लाळ गळते, वहिनी. बँडच्या पुढे उभा राहायचा तो. मी लहान होतो, बँडच्या बाजूने पळायचो आणि सगळ्यांना सांगायचो, तो माझा दादा आहे. त्याला लोकांनी आता असं बघायचं?"

आत्यांचा हात तराजूवरच थांबला. राग तर मस्तकात गेलाच होता. पण भाऊजींचे डोळे भरले होते, आणि रडवेल्या माणसाशी भांडायला काही मजा येत नाही. तरी त्या भांडल्याच.

"तुम्हाला बघवत नसेल तर डोळे मिटून घ्या. त्यांना लाज वाटत नाही, मला वाटत नाही. तुम्ही कोण आमच्या वाटणीची लाज वाटून घेणारे?"

"समितीचं ठरलंय."

"मग माझंही ठरलंय. शनिवारी, त्याच वेळेला, या दुकानाच्या पायरीवर."

"आणि ऐकायला कोण येणार? समोर ऑर्केस्ट्रा चालू असताना?"

भाऊजी गेले, तरी तो प्रश्न दुकानातच राहिला. त्या दिवशी आत्यांनी एकाला बिजागऱ्यांऐवजी कड्या दिल्या. येईल कोण? न्हावी येईल. शाळाबाई येतील, त्यांना आतोबांचा लोभ. पुढे बोटं मोडायला माणसंच सापडेनात. खरं तर आत्यांना भीती वाटत होती, आणि तीही रिकाम्या रस्त्याची नाही. रिकामा रस्ता बघून आतोबांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं, तर ते पुन्हा कधी उचलणार नाहीत, याची.

"नको वाटत असेल तर आत्ताच सांगा," त्या शनिवारी दुपारी नवऱ्याला म्हणाल्या.

"शर्ट... दे. पांढरा," आतोबा म्हणाले.

संध्याकाळी पायरीवर खुर्ची मांडून आतोबा रस्त्याकडे तोंड करून बसले. त्यांच्यासमोर स्टुलावर आत्या, गावाकडे पाठ करून. दुसरा इलाजच नव्हता. बोटं तिथूनच पोचत होती. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं त्यांना काही दिसलं नाही, ते त्यांना मागून कळलं.

घडलं ते असं. भाऊजींनी ओळी नीट राहाव्यात म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्याला हुकूम दिला होता, की घरची एकही खुर्ची आत येऊ द्यायची नाही, आणि आतलीही बाहेर जाऊ द्यायची नाही. पहारेकरी असा की त्याला उभं राहा म्हटलं तर बसा म्हणेपर्यंत उभा राहील. पण हे गावाला सांगायचं मात्र समितीच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि गावाला तर शनिवार म्हटलं की एक हात खुर्चीकडे जायचा. ऑर्केस्ट्रा ऐकायला निघालेली यच्चयावत माणसं खुर्च्या घेऊन फाटकाशी येऊन थडकली.

"खुर्ची आत न्यायची नाही."

"मग कुठे ठेवू?" न्हाव्याने विचारलं.

"घरी ठेवून या."

"मी टेकडीवर राहतो रे बाबा!"

मागून खुर्च्या येतच होत्या. शाळाबाईंची हातगाडी पुढेही जाईना आणि मागेही वळेना. "मी दमले," असं जाहीर करून त्यांनी डुलती खुर्ची उतरवून घेतली आणि भर रस्त्यात बसल्या. फाटकाकडे पाठ, दुकानाकडे तोंड. त्यांच्या शेजारी न्हाव्याने घडीची खुर्ची उघडली. मग बेकरीवाला बसला, शिंपी बसला. फाटकाजवळचे बसले म्हटल्यावर बाकीच्यांनाही उभं राहवेना.

आत्यांना एवढंच कळत होतं की पाठीमागे काहीतरी खरखरतंय. धून निम्म्यावर आली होती. रस्त्यावर खुर्च्यांचे पाय घासतात तसा आवाज, एक, मग आणखी एक, मग पुष्कळ. बघावं तर बोटं सुटतील. आतोबांचा पाय दोनदा दाबला गेला आणि आत्यांनी तीन बोटं टेकवली. क्लॅरिनेट किंचाळलं.

मागची खरखरही थांबली. आत्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला. महिनाभराच्या दुपारी आठवून त्यांना रडूच फुटणार होतं, तेवढ्यात पाठीमागून न्हाव्याचा खणखणीत आवाज आला.

"पुन्हा पहिल्यापासून, आत्या!"

आणि त्याच्यामागे हशा उसळला. एका-दोघांचा नाही, रस्ताभर माणसांचा.

"किती जण आहेत हो?" आत्या कुजबुजल्या.

"बघू... नको," आतोबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तोवर बागेत भाऊजींची त्रेधा उडाली होती. ओळीने मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या, सोफ्यावर समितीचे चार जण. त्यांनी घाबरून ऑर्केस्ट्रा सुरू करायला लावला आणि कर्णे असे गरजले की दुकानातले रंगाचे डबे हलले. क्लॅरिनेट त्यात कुठल्या कुठे बुडालं. आतोबांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. आत्यांचं मात्र काहीच अडलं नाही. त्यांना सूर कधीच ऐकू आला नव्हता, त्या पायावर वाजवत होत्या. पाय दाबला की बोट, उचलला की वर. अशी ती धून त्यांनी नाकावर टिच्चून शेवटापर्यंत नेली. पुढच्या दोन ओळींनी टाळ्या वाजवल्या. मागच्यांना संपल्याचा पत्ताच नव्हता.

रिकाम्या खुर्च्यांसमोर ऑर्केस्ट्रावाले तरी किती गाणार? दोन गाण्यांनंतर त्यांनी आपणहून विश्रांती जाहीर केली. कर्णे गप्प झाले आणि मागून शाळाबाई कडाडल्या, "आम्हाला एक सूरही ऐकू आला नाही!"

खुर्च्यांमधून वाट काढत भाऊजी पायरीपाशी आले. इस्त्री पार गेली होती. "वहिनी, झालं ना तुमच्या मनासारखं? दहा मिनिटं कधीच संपली. दादाला दमवू नका. उठा आता."

आत्या तोंड उघडणार होत्या, आणि तोफखाना तयार होता. पण आतोबांनी क्लॅरिनेट ओठांतून काढलं. लाळेची एक तार पांढऱ्या शर्टावर पडली. आत्यांचा हात फडक्याकडे गेला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. सगळ्या गावासमोर, धाकट्या भावाकडे बघत ते म्हणाले, "पुन्हा... पहिल्या... पासून."

भाऊजी जागच्या जागी उभे राहिले.

"अध्यक्ष, बसा की खाली!" न्हावी ओरडला. "मागच्यांना दिसत नाहीये!"

भाऊजींनी फाटकाकडे वळून खुर्चीसाठी खूण केली. पहारेकऱ्याने तिथूनच हात हलवला. "बाहेर न्यायची नाही साहेब! तुमचाच हुकूम आहे!"

मग अध्यक्ष दुकानाच्या खालच्या पायरीवर बसले, भावाच्या पायाशी, धुळीत. आता हे डोळे मिटून घेतील, असं आत्यांना वाटलं. त्यांनी मिटले नाहीत. मान वर करून दादाच्या तोंडाकडे बघत राहिले.

आतोबांचा पाय आत्यांच्या पायावर एकदा दाबला गेला. आत्यांनी पहिलं बोट ठेवलं.