नैरोबी ते दार-ए-सलाम : सव्वा तास आणि एक रविवार

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, माझ्या मेहुण्याला दार-ए-सलाममध्ये मुलगी झाली. बाराव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, बारसे. बाळाच्या कानात नाव सांगायचे ते आत्याने, म्हणजे माझ्या पत्नीने, सुलभाने. म्हणून कुवेतहून निघणे भागच होते.

कुवेतच्या महबूला वस्तीतील आमचे शेजारी सावंत, मूळचे वेंगुर्ल्याचे सुतार, नकाशा पाहून म्हणाले, "काका, नैरोबीहून पुढे बसनं जा. बोटभर तर अंतर!"

कुवेतमध्ये राहून अशी सवय लागते. इथे कुठूनही कुठेही दोन तासांत पोहोचता येते. मी नकाशावर दोरा ठेवून मोजले: हवाई अंतर सुमारे पावणेसातशे किलोमीटर, विमानाला सव्वा तास. रस्त्याने मात्र किमान चौदा तास. बस स्वस्त खरी, तरी मी सोमवारी सकाळच्या विमानाचीच तिकिटे काढली. तिन्ही शहरांची वेळ एकच असल्याने घड्याळही बदलावे लागणार नव्हते. आता चूक होण्यास जागाच कुठे होती?

रविवारी सकाळी नैरोबीत उतरलो. लिंबू-तिखट चोळलेले भाजके कणीस खाल्ले आणि पुढच्या प्रवासाची खात्री नोंदवण्यास विमान कंपनीच्या कार्यालयात गेलो. तेव्हा तसा नियमच होता. कार्यालयाला कुलूप!

"आज रविवार आहे, साहेब," रखवालदार इंग्रजीत म्हणाला.

"मग काय झाले?" मी विचारले.

त्याने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवले. कुवेतमध्ये तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. रविवारी बाहेर काही बंद असते, हे मी साफ विसरलो होतो.

"सगळ्यांच्या चुका काढता," सुलभा म्हणाली, "आणि वार विसरलात?"

सोमवारी पहाटेच विमानतळ गाठला. खात्री न नोंदवल्यामुळे यादीत आमची नावे नव्हती. जागा उरल्या तरच मिळतील, असे काउंटरवरील बाईंनी सांगितले. मी नियम समजावू लागलो, तोच सुलभाने मला बाजूला सारले. "ब्रदर बेबी नेम, आय गिव्ह. आय नॉट गो, नो नेम!"

इंग्रजी ऐकून मी डोळे मिटले. बाई मात्र हसल्या. "माझंही नाव आत्यानंच ठेवलं. इथेच थांबा, जागा उरल्या तर पहिल्या तुमच्या." दोन प्रवासी आलेच नाहीत.

जाताना उजवीकडची खिडकी मागून घ्यावी. ढगांवर किलिमांजारोचे पांढरे शिखर दिसते. चाके जमिनीला टेकताच मी घड्याळ पाहिले: बहात्तर मिनिटे! संध्याकाळी पाळणा हलला, नारळाच्या रसातील मासे झाले आणि सुलभाने बाळाच्या कानात नाव सांगितले: रेवा.

परतल्यावर सावंत भेटले. "सावंत, त्या सोमवारी सकाळी तुमची बस धरली असती, तर रस्त्यावरच बारसे साजरे केले असते," मी सांगितले. माझा दोरा अचूक ठरला होता.

सुलभाने मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षभराचे सगळे रविवार लाल शाईने रंगवले. त्या सोमवारच्या चौकोनात 'रेवा' असे लिहिले. ते कॅलेंडर मी अजून उतरवलेले नाही.