मोठ्या आईंची हवेची गाडी

मोठ्या आईंची अट एकच होती. "मला कुणी उचलायचं न्हाई."

चिखलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर आहे. ही जुनी गावातली माणसं. शेतं गेली, त्यांवर इमारती आल्या, त्यांचंही घर तीन मजली झालं. पण पुढचा दगडी ओटा मोठ्या आईंनी पाडू दिला नाही. गेल्या वर्षी त्या न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. गल्लीतल्या चार बाप्यांनी त्यांना चादरीत घालून रिक्षापर्यंत नेलं. लुगडं गुडघ्यावर गेलं होतं आणि अख्खी गल्ली दारात उभी होती. मीही होते. मी मान खाली घातली, पण तेवढ्याने काय होतं. दवाखान्यातून परत आणलं तेही तसंच उचलून. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत बसून ओट्यापर्यंत यायच्या, त्यापुढे नाही.

त्यांची धाकटी बहीण मारुंजीला दिलेली. तीही आता अंथरुणावर. दोघींची गाठ पडून वर्ष होऊन गेलं होतं. फोनवर चेहरा दिसायचा, पण ऐकू दोघींनाही कमी. भिंतीवरच्या फोटोकडे बघावं तशा एकमेकींकडे बघत राहायच्या. घरात नवी उंच गाडी आहे, पण तिच्यात चढायचं तर कुणीतरी उचलायला हवं. आणि उचलायचं म्हटलं की मोठ्या आई तोंड फिरवायच्या. "जाईन तर माझी मी जाईन. न्हाईतर हितंच बरी हाय."

त्यांचा मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणतात, त्याने वडलांची जुनी गोल पाठीची गाडी शेडमधून काढली आणि आमच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये आणून लावली. तिला हौसेने नवा रंग, नवं इंजिन असं सगळं कस्टम करायचं चाललंच होतं. त्यात वर्कशॉपच्या मिस्त्रींनी त्याला सांगितलं, "दादा, हिला एअर सस्पेन्शन बसवू. बटण दाबलं की गाडी खाली बसते. आईंच्या खुर्चीच्या मापाला आणून ठेवतो. खुर्चीवरनं सीटवर नुसतं सरकायचं."

हे मला कळलं, कारण सीट माझ्याकडे होत्या. मी घरी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. आमचे मालक चाकणला कंपनीत शिफ्टला जातात, त्यांच्या मागे माझं मशीन चालतं. इतकी वर्षं वर्कशॉपचं काम करते, पण दारातच गठ्ठा द्यायचा आणि फिरायचं, आत पाऊल नाही. बाप्यांच्या गर्दीत मला बोलायला सुचत नाही. या वेळी मात्र मिस्त्री स्वतः दारात आले. म्हणाले, "वहिनी, आईंच्या खुर्चीचं माप तुम्ही आणा. आम्हाला त्या जवळ येऊ देत नाहीत."

मी टेप घेऊन गेले. मोठ्या आई खुर्चीत बसल्या होत्या. मी खाली बसून माप घेतलं. त्या वरून म्हणाल्या, "सीट कसलं करतीस?"

"रेक्झीन आहे."

"गुळगुळीत कर. माझं लुगडं अडकाय नको."

मी काठाला पायपिंगचा गोट लावलाच नाही. शिवण आत घेतली. हात फिरवला तर तळव्याला कुठे काही लागू नये, असं करून दिलं.

सीट बसवायला मात्र मला आत जावंच लागलं. गाडी स्टँडवर उचललेली होती, चाकं काढलेली. मागच्या लोखंडी कमानी जमिनीवर पडल्या होत्या, एकावर एक पट्ट्या, गंजलेल्या. दोन माणसांना एक कमान उचलायला जड जात होती. आणि तिच्या जागी मिस्त्री काय बसवत होते, तर काळ्या रबराचा एक फुगा. कळशीएवढा. हातात घेतला तर पोकळ.

मला राहवलं नाही. "भाऊ, एवढी गाडी याच्यावर?"

"याच्यावर नाही वहिनी. याच्या आतल्या हवेवर."

मी पुढे काही विचारलं नाही, पण घरी जाऊन सुद्धा ते माझ्या डोक्यातून जाईना. हवा म्हणजे आपण फुंकर मारतो ती. चहा निवतो, चूल पेटते, लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर मारली की ते रडायचं थांबतं. तीच हवा एका रबरात कोंडली की इंजिन, पत्रा, काचा, माणसं सगळं पेलते. मी त्या दिवशी गव्हाची पिशवी उचलताना थांबले आणि उगीच तिच्याकडे बघत राहिले.

मिस्त्रींनी चारी चाकांपाशी असे फुगे बसवले. ॲक्सलला पत्र्याचे कोन वेल्डिंग केले, डिकीत हवेची टाकी आणि छोटा कॉम्प्रेसर बसवला, तिथून चाकांकडे निळ्या नळ्या नेल्या. मग ब्रशने प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एका सांध्यातून बारीक बुडबुडे यायला लागले, मोहरीएवढे. मिस्त्री खूश. म्हणाले, "बघा, बोलली. गळते ती सांगते." तो सांधा आवळला तेव्हा बुडबुडे थांबले.

मग त्यांनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. फिस्स आवाज झाला. आमच्या हायवेवर ट्रक थांबताना होतो तसा, पण लांबलचक. आणि ती गाडी, एवढी मोठी, कुणी हात न लावता खाली खाली आली. म्हैस बसते ना, पुढून जरा, मागून जरा, मग सगळं अंग टेकवून, तशी. चाकं मडगार्डच्या आत अर्धी दिसेनाशी झाली. दादा डोकं खाजवत एवढंच म्हणाला, "आयला, भावा. बसली की राव ही."

माझ्या अंगावर काटा आला. मी पदर घट्ट ओढून घेतला, जसं काही कुणी बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आणली. मारुंजीला निरोप गेला होता. सुनेने गाडीला हळदकुंकू लावलं. मोठ्या आई नवं लुगडं नेसून खुर्चीत, ओट्याच्या कडेला. त्यांनी मला बोलावून घेतलं होतं, "शेजारी बाईमाणूस पायजे" म्हणून. आईंना कमीत कमी सरकावं लागावं, म्हणून दादाने गाडी ओट्याला अगदी चिकटवून लावली आणि मागचं दार उघडलं. दार ओट्यावर आलं, खाली चार बोटं जागा.

"आता बघ आई," दादा म्हणाला. "दाब रे."

मिस्त्रींनी बटण दाबलं. फिस्स. गाडी खाली निघाली, तिच्याबरोबर दारही खाली आलं आणि दगडावर कर्रर्र करून टेकलं. नव्या रंगाचा टवका उडाला.

"अरे थांब थांब थांब!" दादा ओरडला.

मिस्त्रींचा चेहरा पडला. वर्कशॉपची फरशी सपाट. खुर्ची गाडीशेजारी तशाच जमिनीवर असेल असं धरून, मी आणलेल्या मापाने सगळं जुळवलं होतं. इथे खुर्ची ओट्यावर होती आणि ओटा कुणी मोजलाच नव्हता. गाडी आधीच आईंच्या खुर्चीपेक्षा खाली होती आणि आम्ही तिला आणखी खाली नेत होतो.

"आई, दोन मिनिटं फक्त," दादा म्हणाला. "आम्ही दोघं तुला अलगद..."

"हात लावायचा न्हाई." मोठ्या आईंनी खुर्चीचं चाक मागे फिरवलं. "सूनबाई, मला आत ने. तिला फोन लाव, म्हणावं न्हाई जमलं."

गल्लीत माणसं जमायला लागली होती. मला वाटलं, संपलं आता. पुन्हा त्या बाहेर येणार नाहीत.

दगडात अडकलेलं दार सोडवायला मिस्त्रींनी वरचं बटण दाबलं. डिकीत कॉम्प्रेसर घरघरायला लागला. दार दगडावरून सुटलं, तरी घाबरून त्यांनी बोट काढलं नाही आणि गाडी वर येत राहिली. नेहमीच्या उंचीपेक्षा वर. जसा एखादा माणूस दम भरून छाती फुगवतो, तशी ती उठत गेली. मोठ्या आईंनी मान वळवून पाहिलं. मी शिवलेली सीट उगवत्या सूर्यासारखी दारातून वर येत होती.

"ए! थांब तितंच!"

मिस्त्री थांबले. सीट खुर्चीच्या मापाला आली होती. दोन बोटांचं अंतर असेल नसेल.

"खाली काय लावलंय सकाळपासनं," मोठ्या आई म्हणाल्या. "मी वर बसलेय तर मला वर गाडी पायजे, व्हय का न्हाई? जेवायचा पाट आण गं."

सुनेने पाट आणला. मी खुर्चीचा हात काढला, पाट खुर्ची आणि सीटच्या मध्ये ठेवला. दादाने न सांगता पाठ फिरवली, मिस्त्रीही वळले. मग मोठ्या आईंनी एक हात दारावर ठेवला आणि सरकल्या. जरा थांबल्या, परत सरकल्या. रेक्झीनवर लुगडं कुठेही अडकलं नाही. मी शेजारी उभी होते, माझे हात आपोआप पुढे जात होते, पण मी ते मागे बांधून ठेवले.

"बसले," त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्या दाराने आत बसले, दार लागलं. गाडी ओट्यापासून बाजूला काढली आणि मिस्त्रींनी हवा थोडी सोडली. आम्ही दोघी आत बसलेल्या असताना ती नेहमीच्या उंचीला आली. मोठ्या आईंनी माझं मनगट धरलं. "आगं, पाळण्यावानी हाय की," त्या हळूच म्हणाल्या. सुनेने चाकांखाली लिंबं ठेवली, ती फुटली आणि आम्ही निघालो.

मारुंजीला बहिणीच्या घरापुढे ओटाबिटा काही नाही, साधं अंगण आहे. गाडी दादाने चालवली, मिस्त्री त्याच्या शेजारी बसले होते. त्यांनी उतरून मागचं दार उघडलं, खाली ठेंगणी बाज दिसली. त्या बाजेवर बहीण पाय खाली सोडून बसवलेली, अंगावर शाल. पोरांनी तिला घरातून बाहेर आणून ठेवलं होतं. मिस्त्रींनी बटण दाबलं. फिस्स. गाडी खाली आली, आणखी खाली आली आणि पोट जमिनीला टेकायच्या बेताला थांबली. दोघी बहिणींची तोंडं समोरासमोर. एकमेकींच्या गुडघ्याला गुडघे लागले. उतरायची गरजच राहिली नाही.

बहिणीने आधी गाडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग मोठ्याने म्हणाली, "एवढी मोठी गाडी घेऊन आलीस आन् खाली बसलीस व्हय गं?"

"तुला हितवर कुणी आणली?" मोठ्या आईंनी कानाशी हात नेला.

"नातवांनी. उचलून."

"उचलून? लाज न्हाई वाटली?"

"बाज उचलली त्यांनी. मला न्हाई."

मोठ्या आई इतक्या हसल्या की गाडी हलली. खरंच हलली, हवेवर होती ना. मग त्यांनी हात पुढे केला आणि बहिणीच्या चेहऱ्यावरून फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मी सीटवर शिवण तपासायला फिरवते तसा सावकाश.

मी दुसऱ्या दाराने उतरले आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिले. मिस्त्री, दादा, नातवंडं सगळी तिकडेच आली. तिथून त्या दोघी बोलताना ऐकू येत होत्या, कारण दोघीही ओरडूनच बोलत होत्या. पण आम्ही गाडीच्या चाकांकडे बघत राहिलो. चाकाच्या मागे, अंधारात, तो कळशीएवढा फुगा होता. दिसत नव्हता, पण मला माहीत होतं, तो आहे.