बोटीच्या उतारावर आमच्या अकरा गाड्या

गेल्या शनिवारी आमच्या मराठी मंडळाची पिकनिक होती. परदेशातल्या आमच्या रेडमंडपासून दीड तासावर, एका नदीकाठी... जागा मी शोधली होती, म्हणून हे मीच लिहायला हवं.

मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, मी साधा फॉर्मसुद्धा तीनदा वाचते. तिसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, आईने घरीच शिकवलं, आणि समोर लिहिलेलं पूर्ण वाचायचं हा तिचा एकच दंडक होता. त्यामुळे आठवडाभर आधीच सगळ्यांना मेसेज केला होता... स्टेटचा, म्हणजे राज्य सरकारचा, पार्किंग पास घ्या, आरशाला लटकवा, विसरू नका.

वाटेत एक मोठी पाटी लागली. इथून पुढे इथल्या मूळ रहिवाशांच्या नेशनची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या राष्ट्राची, हद्द सुरू होते, असं लिहिलेलं. मी ती पूर्ण वाचली... आणि मला ते स्वागत वाटलं. गावाच्या वेशीवर कमान असते ना, तसं काहीतरी.

नदीत उतरणारा सिमेंटचा छान रुंद उतार होता आणि सावलीही नेमकी तिथेच. अकरा गाड्या ओळीने लागल्या. काकूंनी उसळीचे डबे उघडले, मुलं पाण्याकडे पळाली.

साडेनऊच्या सुमारास एक पिकअप ट्रक आला. मागे ट्रेलरवर बोट, बोटीत जाळी. साठीच्या एक बाई उतरल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की हा उतार बोटींसाठी आहे, गाड्या काढा. त्यांच्या नेशनच्या मासेमारी खात्याने आज दहा ते चार सॅमन मासे धरायची परवानगी दिली होती... या आठवड्यात तेवढेच सहा तास.

आमचे सुहासकाका, काकूंचे यजमान, पुढे झाले. मूळचे पुण्याचे, इथे वीस वर्षं, मंडळात सगळे त्यांचंच ऐकतात. त्यांनी आरशावरचा पास दाखवला, आम्ही सगळं रीतसर केलंय म्हणाले. बाई म्हणाल्या, पास स्टेटचा आहे, ही जमीन स्टेटची नाही. काकांना ते पटेना. एका देशात दुसरा देश कसा असेल... ते फोनवर नकाशा उघडून दाखवायला लागले. बाई घड्याळाकडे बघत होत्या.

मग काका आमच्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "यांना सगळं फुकट मिळतं, वर स्वतःचे कॅसिनो आहेत. तरी रडगाणं काही संपत नाही."

दोघं-तिघं हसले. यातलं किती खरं, हे काकांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

मी मूळची चंद्रपूरची. मंडळात कुणी विदर्भाच्या अनुशेषाचा विषय काढला, की काका असंच म्हणतात... तुम्हाला पॅकेजवर पॅकेज मिळतात, तरी तुमचं रडगाणं सुरूच. तोच शब्द, तोच सूर. तसे काका वाईट नाहीत. मी इथे नवीन आले तेव्हा महिनाभर त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिले, त्यांनीच मला गाडी शिकवली. म्हणून मी दर वेळी गप्प बसते.

मी किल्ली घेतली. आधी माझी गाडी काढली, मग एकेकाकडे जाऊन विनवणी सुरू केली. कुणाची किल्ली बायकोच्या पर्समध्ये, बायको मुलांमागे लांब गेलेली... सगळ्यात खाली, अगदी पाण्याजवळ, काकांची गाडी.

"काका, किल्ली द्या ना. चूक माझी आहे, पाटी मी वाचली होती."

"अगं, तू कशाला त्यांची बाजू घेतेस?"

"बाजू नाही काका. त्यांचे दहा वाजून गेलेत."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. किल्ली दिली, पण हातात नाही... बॉनेटवर ठेवली.

उतार मोकळा व्हायला पावणेअकरा झाले. तोवर पलीकडच्या काठावरून तीन बोटी सुटल्या होत्या. समोरच्या वळणावर सगळ्यात जास्त मासे मिळतात, बाई म्हणाल्या, पण जो आधी पोचेल ती जागा त्याची. तिथे जाळी पडलेली दिसत होती.

मी माफी मागितली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं... पण मी सांगत सुटले, की मला तुमचं कळतं. आमच्याकडे कोळसा निघतो, वीज तयार होते आणि जाते मुंबई-पुण्याला. आम्हाला गच्चीवरच्या कपड्यांवर राख मिळते, आणि लोडशेडिंग.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता कुठे राहतेस?"

"रेडमंडला."

बोटीचा पट्टा सोडता सोडता त्या म्हणाल्या, "वर धरण आहे. ते झाल्यापासून मासे कमी येतात. वीज तुमच्याकडेच जाते."

रागाने नाही... कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा, तसं.

आम्ही दुसऱ्या पार्कमध्ये गेलो, जेवलो, अंताक्षरीही झाली. काकू हळूच म्हणाल्या, मनावर घेऊ नकोस गं. मी कुणावर चिडले नव्हते. फक्त दमले होते... आयुष्यभर आपण सोसणाऱ्यांच्याच बाजूचे आहोत असं समजत राहण्याचाही शीण असतो बहुतेक.

चार वाजता मी एकटीच परत त्या उतारापाशी गेले. का गेले, सांगता येणार नाही. बाईंची बोट आली. तळाला पाच मासे होते. ते कमी की जास्त, हे विचारायचं धाडस झालं नाही... कमीच आहेत, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतच होतं.

त्यांनी मला ओळखलं. बोटीच्या दोरीचं टोक माझ्याकडे टाकलं आणि ट्रक आणायला वर गेल्या.

मी ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. तेवढं धरू दिलं... त्याबद्दल त्यांचे आभार.