एका दाराचं थिएटर

आमच्या विहिरीचं पाणी जरा मचूळ. काचेच्या सिरिंजा आणि चिमटे ज्या बॉयलरमध्ये उकळायचे, त्याच्या तळाशी पांढरा थर धरायचा. खरवडला तरी चार दिवसांनी पुन्हा आहेच! हॉस्पिटलातले किस्सेही तसेच साचले. मुद्दाम कुणी जमवले नाहीत, आणि खरवडून निघतील असंही वाटत नाही.

हॉस्पिटल सासऱ्यांचं, रत्नागिरीत. पुढे हॉस्पिटल, मागे घर, मध्ये जांभ्या चिऱ्याची जाडजूड भिंत. सासरे सर्जन, आणि आमचे हे त्यांचे असिस्टंट. ऑपरेशनं छोटी: चरबीच्या गाठी, गळवं, रुतलेली नखं. पेशंट सकाळच्या एस.टी.नं यायचा, जागेपुरती भूल देऊन काम उरकायचं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं घरी. चिमटे-कात्र्या मोजक्याच. एका पेशंटला वापरल्या की धुवायच्या, वाफवायच्या आणि पुढच्याच्या आधी हजर करायच्या.

मी दापोलीची, बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी घेतलेली. लग्नाची पूजा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "सूनबाई, आजपासून जंतू तुझ्याकडे!"

झालं. खातेवाटप संपलं.

* * *

पहिल्याच सकाळी अडचण आली. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. वत्सलाबाई म्हणजे आमच्या जुन्या नर्स. त्या म्हणाल्या, "वहिनी, बांगड्या घालून हत्यारांच्या ड्रमला हात लावायचा नाही." आतून सासूबाई म्हणाल्या, "चुडा इतक्यात उतरवायचा नाही."

दोघी आपापल्या जागी बरोबर. मी मध्ये उभी.

शेवटी वत्सलाबाईंनी माझे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत बँडेजमध्ये गुंडाळले, चुड्यासकट. तशीच मी थिएटरमध्ये गेले. टेबलावर संगमेश्वरकडचे एक आजोबा होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"डॉक्टर, आधी हिचं बघा. मी थांबतो!"

* * *

आमचा ऑटोक्लेव्ह म्हणजे कमरेएवढा उंच कुकरच. मागच्या पडवीत, पंपाच्या स्टोव्हवर. कापडं आणि हत्यारं स्टीलच्या ड्रममध्ये भरायची, ड्रम त्यात ठेवायचा आणि झाकण आवळायचं. वाफ जास्त झाली की वरची झडप किंचाळायची.

पडवीला लागूनच स्वयंपाकघर. झडप किंचाळली की सासूबाई सवयीनं आपल्या कुकरखालचा गॅस बंद करायच्या. माझे ड्रम व्यवस्थित व्हायचे, आमटीतली डाळ मात्र दाताखाली यायची.

एकदा सासऱ्यांनी वाटीत चमचा फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "डाळ निर्जंतुक झालीय. आता शिजवली तरी चालेल."

सासूबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. माझ्या ऑटोक्लेव्हशीही.

* * *

बंदरावरच्या एका होडीचे तांडेल आले, तळहातात मासेमारीचा गळ रुतलेला. सासऱ्यांनी तो काढला आणि ट्रेमध्ये टाकला. वत्सलाबाईंनी ट्रे उचलला, ट्रेमधलं सगळं धुतलं, सगळं उकळलं आणि सगळं पुन्हा मांडलं.

पुढच्या पेशंटच्या वेळी सासऱ्यांनी हात पुढे केला आणि थबकले. चिमट्यांच्या रांगेत गळ लखलखत होता.

"हे कुठलं नवीन इन्स्ट्रुमेंट?"

"कुठलं का असेना सर, उकळलेलं आहे!" वत्सलाबाई म्हणाल्या.

गळ तांडेलांना परत दिला, गॉजमध्ये गुंडाळून. टाके काढायला ते आले, तेव्हा बरोबर एक पिशवी होती. मला वाटलं, डॉक्टरांसाठी सुरमई असेल. पिशवीत गळ होते.

"त्या उकळलेल्या गळाला काय मासा लागलाय म्हणून सांगू!" तांडेल म्हणाले. "एवढे पण उकळून द्या!"

* * *

खरं दुखणं थिएटरच्या दाराचं. दार एकच. वापरलेला ट्रे त्याच दारानं बाहेर आणि वाफवलेला ड्रम त्याच दारानं आत. वत्सलाबाई निघाल्या की नेमकी मी समोर! एकीनं मागं सरायचं, अंग चोरायचं, तरी कुठे ना कुठे धक्का लागायचाच. लागला की ड्रम पुन्हा पडवीत, स्टोव्हला पुन्हा पंप, आणि टेबलावरचा पेशंट आढ्याकडे बघत पडून.

वत्सलाबाईंनी तोडगा काढला. वापरलेलं घेऊन निघणारीनं ओरडायचं, "उष्टं!" आणि वाफवलेलं आणणारीनं ओरडायचं, "सोवळं!" म्हणजे दुसरी आपोआप थांबेल. मला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. पण या घरात सून म्हणून मी पहिल्यांदा आवाज चढवला, तो "सोवळं" म्हणून!

जागेपुरत्या भुलीत पेशंटचे कान शाबूत असतात. एका दुपारी आमचा बराच वेळ उष्टं-सोवळं चाललं होतं. टेबलावरच्या बाईंनी हिरव्या कापडाखालून विचारलं,

"डॉक्टर, पंगत बसलीय का? मग माझं सावकाश होऊ दे!"

* * *

हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका मास्तरांचे टाके पिकले. साधी पाठीवरची गाठ होती. चार दिवसांनी परत आले, ते अंगात ताप घेऊनच. बरे झाले, तक्रारही केली नाही. माझ्या डोक्यातून मात्र ते दार जाईना.

मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढलं. वापरलेलं दारानं बाहेर. धुणं, उकळणं, वाफवणं पडवीत. तिथून ड्रम पलीकडच्या खोलीतून पुढे आणि थिएटरच्या मागच्या भिंतीत एक खिडकी पाडून आत. एक वाट जायची, एक यायची. दोघींची गाठ कुठेच नाही.

सासऱ्यांनी चित्र उलटसुलट पाहिलं. "उत्तम! पण सूनबाई, ती भिंत माझी नाही. तुझ्या सासूबाईंची आहे."

कारण ती पलीकडची खोली लोणच्याची. तिथे बरण्या, आमसुलं, फणसाचे पापड. पाय धुऊन पुसल्याशिवाय आत जायचं नाही, ओला हात न्यायचा नाही, बरणीजवळ बोलायचं नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तूच विचार. मला या घरात राहायचंय."

मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "रक्ताचे चिमटे माझ्या बरण्यांवरून नेणार?"

"रक्ताचे नाही, आई. धुतलेले, वाफवलेले."

"भिंत राहील," त्या म्हणाल्या. विषय संपला.

* * *

मे महिन्यात लोणचं घातलं. मी मदतीला, म्हणजे मुख्यतः बघायला. कैऱ्या मागच्या दारानं आल्या. धुऊन, पुसून, चिरून फोडी पंचावर पसरल्या. मसाला वेगळ्या हातानं. भरलेल्या बरण्या मात्र मधल्या दारानं खोलीत. कैरीवाल्या बाजूचं माणूस बरणीच्या बाजूला फिरकायचं नाही.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "आई, कैऱ्या त्या दारानं आणि बरण्या या दारानं का?"

"मग काय, ओलं आणि कोरडं एका दारानं नेऊ? बुरशी धरेल!"

"मीही तेच म्हणत होते. थिएटरचं."

सासूबाईंनी बरणीच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधला, गाठ मारली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"लोणच्याची गोष्ट वेगळी असते. ते वर्षभर टिकायचं असतं!"

* * *

त्यानंतर काही महिन्यांनी सासूबाईंच्याच खांद्यावरची गाठ वाढली. जुनी, चरबीची, पण आता पोलकं घालताना दुखायची. सासरे म्हणाले, काढून टाकू. सासूबाईंनी इतकी वर्षं हॉस्पिटलला पाठ लावून संसार केला, पण थिएटरमध्ये त्या कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी आल्या, आणि कुशीवर निजल्या, तोंड दाराकडे करून.

आधीच्या पेशंटचं पायाचं पिकलेलं नख होतं. त्याचा ट्रे अजून आतच राहिला होता. वत्सलाबाई तो उचलून निघाल्या.

"उष्टं!"

मी ड्रम घेऊन उंबऱ्यावर आले होते.

"सोवळं!"

दोघी थांबलो, दोघी सरकलो, आणि नेहमीसारखा वत्सलाबाईंचा कोपर माझ्या ड्रमला लागला.

सासऱ्यांच्या हातात भुलीची सिरिंज तयार होती. सासूबाई ताडकन उठून बसल्या, अंगावरचं हिरवं कापड घट्ट धरून.

"अहो, ती सुई ठेवा खाली. गाठ कुठे पळून जात नाही. आधी गवंड्याला बोलवा!"

सासऱ्यांनी सिरिंज खाली ठेवली. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"आणि तू काय बघत उभी राहिलीस? मागे जा, बरण्या हलवायला घे. हात कोरडे करून!"